सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती? हा आकडा राज्यघटनेत बांधून टाकावा का?



दिल्लीत पहाडगंजला, आराम बागेच्या बाजूला बृहन्महाराष्ट्र भवन आहे. महाराष्ट्रातून, बेळगाव-निपाणीकडून, गोव्यातून, इंदूर-बडोद्याहून कामासाठी दिल्लीला येणारी बरीच मराठी मंडळी याच भागात उतरतात. नवी दिल्ली स्टेशन जवळ, खोलीचं भाडं परवडणारं आणि मराठीत बोलायला कुणीतरी भेटतं. त्यात कोर्टाच्या तारखेसाठी आलेले पक्षकारही असतात. जवळच्या रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशनवर निळ्या लाइनची मेट्रो पकडायची. राजीव चौक, बाराखंबा रोड, मंडी हाउस आणि चौथं स्टेशन थेट 'सुप्रीम कोर्ट'. प्रवास काही मिनिटांचा. पण तिथे पोहोचल्यावर प्रकरणाचा निकाल लागायला किती वर्षं जातील, हे वकीलही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या विषयावर दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला असा: खटले एवढे तुंबलेत, तर न्यायाधीश वाढवत का नाहीत? दुसरा असा: सरकारला न्यायाधीशांची संख्या वाढवता येत असेल, तर उद्या एखादं सरकार आपल्याच मर्जीतली माणसं भरून कोर्ट खिशात घालणार नाही कशावरून? मग अमेरिकेत काही लोक मागणी करतात तसा हा आकडा घटनादुरुस्ती करून कायमचा पक्का का करू नये?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात. पहिल्याला आकडा वाढता हवा आहे, दुसऱ्याला बांधलेला. आज आपण ही गाठ सोडवून बघू.

आपला आकडा कुठे लिहिलेला आहे?

राज्यघटनेचा अनुच्छेद १२४ उघडा. त्याच्या पहिल्याच पोटकलमात लिहिलंय की भारताचं एक सर्वोच्च न्यायालय असेल, त्यात एक सरन्यायाधीश असतील आणि संसद कायद्याने जास्त संख्या ठरवत नाही तोपर्यंत इतर न्यायाधीश सातपेक्षा जास्त नसतील.

या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत. घटनेने सुरुवातीचा आकडा दिला: सरन्यायाधीश धरून आठ. तो वाढवण्याचा अधिकार संसदेला दिला, आणि तोही साध्या कायद्याने. म्हणजे हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या साध्या बहुमताने हा आकडा बदलतो, त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. तिसरी गोष्ट सहसा नजरेतून सुटते. 'सातपेक्षा जास्त नसतील' ही वरची मर्यादा आहे. कमीत कमी किती न्यायाधीश असलेच पाहिजेत, हे इथे लिहिलेलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

हा साचा घटना समितीने शून्यातून घडवला नव्हता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने फेडरल कोर्ट स्थापन झालं, तेव्हाही मुख्य न्यायाधीश आणि जास्तीत जास्त सहा न्यायाधीश अशी तरतूद होती, आणि संख्या वाढवण्याची विनंती कायदेमंडळाकडून यावी असं म्हटलं होतं. १ ऑक्टोबर १९३७ ला ते कोर्ट सुरू झालं तेव्हा प्रत्यक्षात तिघेच होते: मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि आपले मुंबईचे मुकुंदराव जयकर. मर्यादा सातांची, बसलेले तीन. कागदावरची संख्या आणि खुर्चीवरची संख्या यांतला फरक इतका जुना आहे.

आठापासून चौतीसपर्यंत

२६ जानेवारी १९५० ला सर्वोच्च न्यायालय अस्तित्वात आलं, तेव्हा मंजूर पदं आठ होती. पुढे काय झालं ते ओळीने बघा. सगळे आकडे सरन्यायाधीशांसह आहेत.

१९५६ मध्ये संख्येसाठी वेगळा कायदा झाला आणि आकडा ११ झाला. १९६० मध्ये १४. १९७७ मध्ये १८. १९८६ मध्ये २६. २००९ मध्ये ३१. ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीने ३४.

म्हणजे ७० वर्षांत सहा वेळा वाढ झाली. सरकारं कोणाची होती? पंडित नेहरू, जनता पक्ष, राजीव गांधी, डॉ. मनमोहन सिंग, नरेंद्र मोदी. पक्ष वेगळे, काळ वेगळा, पण दर वेळी मुख्य कारण एकच दिलं गेलं: कामाचा बोजा. संख्या वाढवण्यावरून देशात मोठं राजकीय रणकंदन झालं, असं एकदाही घडलं नाही.

अमेरिकेत मात्र याच मुद्द्यावर रणकंदन झालं. ते का झालं आणि आपल्याकडे का झालं नाही, हे समजलं की अर्धा प्रश्न सुटतो.

अमेरिकेत आकडा हत्यार झाला तेव्हा

अनेकांना वाटतं की अमेरिकेच्या घटनेत 'नऊ न्यायाधीश' असं लिहिलेलं आहे. तसं नाही. तिथेही हा आकडा साध्या कायद्यानेच ठरतो. १७८९ मध्ये सहापासून सुरुवात झाली. १८०७ मध्ये सात झाले, १८३७ मध्ये नऊ, १८६३ मध्ये दहा. १८६६ मध्ये काँग्रेसने कायदा करून आकडा सातवर आणायचं ठरवलं. म्हणजे जागा रिकामी झाली तरी ती भरायची नाही. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आणि काँग्रेस यांचं हाडवैर होतं. जॉन्सन यांना कुणाला नेमण्याची संधीच मिळू नये, हा त्यातला एक हेतू मानला जातो. जॉन्सन गेले आणि १८६९ मध्ये आकडा परत नऊ झाला. तेव्हापासून तो नऊच आहे.

मग १९३७ साल आलं. दिल्लीत जयकर फेडरल कोर्टात बसले तेच हे वर्ष. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले होते, पण मंदीतून देशाला बाहेर काढण्यासाठी त्यांनी केलेले कायदे कोर्ट एकामागून एक रद्द करत होतं. त्यांनी विधेयक आणलं: सत्तर वर्षं सहा महिने वय ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा न्यायाधीश नेमायचा, असे जास्तीत जास्त सहा. म्हणजे नऊचे पंधरा. कारण सांगितलं कामाच्या बोज्याचं. पण सगळ्यांना खरं कारण दिसत होतं. रूझवेल्ट यांच्या स्वतःच्या पक्षाचे सिनेटरही विरोधात गेले आणि जुलै १९३७ मध्ये सिनेटने ते विधेयक ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत पाठवून गाडलं. दरम्यान कोर्टाचा सूरही मवाळ झाला होता, तो भाग वेगळा.

या अनुभवानंतर आकडा घटनेतच बांधण्याची कल्पना पुढे आली. मे १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटने तशी घटनादुरुस्ती ५८ विरुद्ध १९ मतांनी मंजूरही केली, पण दुसऱ्या सभागृहात ती पुढे सरकली नाही. अलीकडच्या काळात 'नऊच ठेवा' अशी एका ओळीची दुरुस्ती पुन्हा मांडली गेली. तिला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. ती घटनेत आलेली नाही.

आता आपल्याकडे असं का झालं नाही ते बघा. अमेरिकेत नऊच्या नऊ न्यायाधीश प्रत्येक खटल्यात एकत्र बसतात आणि नेमणूक आयुष्यभरासाठी असते. त्यामुळे दोन माणसं वाढवली की देशाचा कायदा फिरू शकतो. आपल्याकडे बहुतेक प्रकरणं दोन किंवा तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतात. कोणतं प्रकरण कोणापुढे जाणार हे सरन्यायाधीश ठरवतात. ६५ व्या वर्षी निवृत्ती असल्यामुळे माणसं सतत बदलत असतात. न्यायमूर्ती उदय लळीत सरन्यायाधीशपदी ७४ दिवसच होते. १९९३ च्या निकालानंतर नेमणुकीत कॉलेजियमचा, म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाचा शब्द महत्त्वाचा झाला. त्यामुळे सरकारने दहा पदं वाढवली, तरी त्यावर सरकारची दहा माणसं बसतील असं होत नाही.

मग आपल्याकडे दबाव आलाच नाही का?

आला. पण तो वेगळ्या दाराने आला.

२४ एप्रिल १९७३. केशवानंद भारती खटल्याचा निकाल. त्या वेळी मंजूर पदं १४ होती आणि त्यातले १३ न्यायमूर्ती एकाच पीठावर बसले होते. निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेचा मूलभूत ढाचा मोडू शकत नाही. नंतर दीर्घकाळ सरन्यायाधीश राहिलेले आपले यशवंतराव चंद्रचूड तेव्हा अल्पमतातल्या सहांमध्ये होते.

एका मताचा फरक. रूझवेल्ट यांच्या वाटेने जायचं असतं, तर साध्या कायद्याने चार-पाच पदं वाढवून प्रकरण पुन्हा मोठ्या पीठापुढे नेता आलं असतं. सरकारने तो मार्ग घेतला नाही. दुसऱ्या दिवशीच ज्येष्ठतेची परंपरा मोडून न्यायमूर्ती शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावललं आणि चौथ्या क्रमांकाचे अजितनाथ रे सरन्यायाधीश होणार असं जाहीर झालं. डावललेले तिघेही बहुमताच्या बाजूचे होते. तिघांनी राजीनामे दिले. कोर्टाची संख्या एकाने वाढली नाही की कमी झाली नाही, तरी संदेश पोहोचला.

पुढची चाल आकड्यांचीच होती, पण तीही पदांच्या संख्येची नव्हती. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ४२ वी घटनादुरुस्ती झाली. तिने अनुच्छेद १४४-अ घातला. त्यानुसार एखादा कायदा घटनाबाह्य आहे की नाही हे ठरवायला कमीत कमी सात न्यायमूर्ती बसले पाहिजेत, आणि त्यातल्या दोन तृतीयांश न्यायमूर्तींचं एकमत झाल्याशिवाय कायदा रद्द करता येणार नाही.

हिशेब करून बघा. एकूण पदं १४. म्हणजे कायद्याला आव्हान देणाऱ्या प्रत्येक प्रकरणासाठी अर्धं कोर्ट अडकणार. सातांच्या पीठात चार विरुद्ध तीन असं बहुमत मिळालं तरी पुरणार नाही, पाच मतं लागणार. केशवानंद खटल्यातलं ७ विरुद्ध ६ हे बहुमतही या कसोटीवर अपुरं पडलं असतं. जनता सरकारच्या काळात ४३ व्या घटनादुरुस्तीने १४४-अ काढून टाकला. घटनादुरुस्तीने न्यायालयाचा आकडा बांधण्याचा आपल्या देशातला खरा प्रयोग हाच. तो न्यायालयाच्या रक्षणासाठी नव्हता, त्याचे हात बांधण्यासाठी होता. त्यामुळे 'घटनेत लिहिलं की सुरक्षित' असं म्हणण्याआधी घटनेत काय लिहिलं जातंय आणि ते कोण लिहितंय, हे बघावं लागतं.

कुलूप लावलेले तीन देश

आकडा घटनेत घालणाऱ्या तीन देशांचे अनुभव बघू.

जर्मनीचं संघराज्य घटना न्यायालय १९५१ पासून काम करतंय. त्यात आठ-आठ न्यायाधीशांची दोन दालनं आहेत, एकूण १६. ही संख्या अनेक दशकं साध्या कायद्यात होती. शेजारच्या पोलंड-हंगेरीत काय झालं ते पाहून जर्मन पक्षांनी डिसेंबर २०२४ मध्ये ही रचना, न्यायाधीशांची १२ वर्षांची मुदत आणि इतर काही तरतुदी थेट घटनेत घातल्या. सत्ताधारी आणि मुख्य विरोधी पक्षाने मिळून हे केलं. आपल्यापैकी कुणी वाईट वागायच्या आतच दार बंद करू, असा तो विचार होता.

पोलंडच्या घटनेत तर आकडा आधीपासूनच आहे: घटना न्यायाधिकरणात १५ न्यायाधीश. तरी २०१५ मध्ये तिथे मोठं संकट आलं. जाणाऱ्या संसदेने पाच न्यायाधीश निवडले. अध्यक्षांनी त्यांना शपथच दिली नाही. नव्या संसदेने त्यांच्या जागी आपले पाच निवडले आणि त्यांना मात्र शपथ मिळाली. आधीच्या पाचांपैकी तिघांची निवड योग्य होती, असं न्यायाधिकरणाने सांगूनही उपयोग झाला नाही. आकडा १५ चा १५ च राहिला आणि आत बसणारी माणसं बदलली.

हंगेरीतही घटनेत आकडा होता, ११ चा. २०१० च्या निवडणुकीत एका आघाडीला संसदेत दोन तृतीयांश बहुमत मिळालं. घटना बदलायला तेवढंच पुरेसं होतं. ११ चे १५ झाले आणि नव्या जागा त्याच बहुमताने भरल्या.

तीन देश, तीन धडे. जर्मनीत कुलूप लागलं कारण दोन्ही बाजूंना ते हवं होतं. पोलंडमध्ये पुढच्या दाराला कुलूप होतं आणि मागचं दार सताड उघडं होतं. हंगेरीत कुलूप होतं, पण किल्ली ज्याच्यापासून बचाव करायचा त्याच्याच खिशात होती.

भारतात आकडा बांधायचा झाला तर

आपल्याकडे किल्ली कोणाकडे आहे? अनुच्छेद १२४ बदलायचा तर अनुच्छेद ३६८ लागू होतो. संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत. शिवाय सर्वोच्च न्यायालयाविषयीच्या तरतुदी असल्यामुळे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. हंगेरीपेक्षा हे कुलूप नक्कीच भक्कम आहे.

पण ते अभेद्य नाही, हेही आपण पाहिलंय. न्यायिक नियुक्ती आयोगासाठी २०१४ मध्ये आलेली ९९ वी घटनादुरुस्ती हे सगळे टप्पे पार करून गेली. संसदेत जवळपास एकमत होतं, निम्म्याहून जास्त राज्यांनीही होकार दिला. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ती रद्द केली, मूलभूत ढाच्याच्याच आधारावर. म्हणजे आपल्याकडे शेवटची राखण घटनेतल्या एखाद्या आकड्याने केली नाही, ती १९७३ च्या त्या निकालाने केली.

आता आकडा बांधण्याची किंमत बघा. समजा १९६० मध्येच उत्साहाने घटनेत '१४' असं लिहून टाकलं असतं. आज त्या १४ जणांपुढे काय काय असतं?

अनुच्छेद १४५(३) सांगतो की घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तर कमीत कमी पाच न्यायमूर्ती बसले पाहिजेत. ३४ न्यायमूर्तींचं कोर्ट दोन-दोनांच्या १७ खंडपीठांत काम करू शकतं. पाचांचं घटनापीठ बसलं की त्यातली अडीच खंडपीठं गेली. नऊचं बसलं की साडेचार. महाराष्ट्राचीच उदाहरणं घ्या. मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१ चा निकाल पाच न्यायमूर्तींचा होता. पन्नास टक्क्यांची मर्यादा सांगणारा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल नऊ जणांचा असल्यामुळे, तो बदलायचा तर ११ न्यायमूर्तींचं पीठ बसवा, अशी मागणी तेव्हा झाली होती. ती मान्य झाली नाही. शिवसेनेतल्या फुटीनंतरच्या सत्तासंघर्षाचा ११ मे २०२३ चा निकालही पाच जणांचा, आणि त्यातला एक प्रश्न सात जणांच्या पीठाकडे सोपवला गेला. एकूण १४ न्यायमूर्ती असते तर ११ चं पीठ बसल्यावर बाकीच्या देशासाठी तिघे उरले असते.

आणि सीमाभागातल्या आपल्या मंडळींचा दावा. महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ खाली २००४ मध्ये दाखल केलेला कर्नाटकाविरुद्धचा दावा वीस वर्षं उलटली तरी निकाली निघालेला नाही. तो फक्त न्यायाधीश कमी म्हणून रेंगाळला असं म्हणणं बरोबर होणार नाही, त्याला अधिकारक्षेत्रापासून अनेक वाद चिकटलेले आहेत. पण अशा दाव्यापासून दोन्ही राज्यांशी नातं असलेले न्यायमूर्ती दूर राहण्याची शक्यता असते. निवडायला माणसं जितकी कमी, तितकं पीठ जमवणं अवघड. बेळगावच्या एखाद्या घरात आजोबांनी पाहिलेली सुनावणीची वाट नातू पाहतोय. त्याला 'आकडा कायमचा पक्का केला' हे सांगून काय मिळणार?

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. आकडा वाढवला की खटले कमी होतात, असंही नाही. २०१९ मध्ये ३१ चे ३४ करताना सर्वोच्च न्यायालयात ५८ हजारांच्या वर प्रकरणं प्रलंबित होती. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, ती ८० हजारांच्या पुढे गेली होती. मधे कोविड येऊन गेला हे खरं. पण सरकारने स्वतः किती अपिलं करायची आणि न्यायालयाने किती विशेष अनुमती याचिका ऐकायच्या, यावर लगाम नसेल, तर ३४ चे ५० केले तरी रांग तशीच राहील.

मग कुलूप नेमकं कुठे लावायचं?

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट काढू. अनुच्छेद १२४ मध्ये वरची मर्यादा आहे, खालची नाही. पदं ३४ मंजूर असली तरी ती अमुक दिवसांत भरलीच पाहिजेत, असं घटना म्हणत नाही. कॉलेजियमने नाव कधी पाठवायचं याला मुदत नाही, सरकारने उत्तर कधी द्यायचं यालाही नाही. नियुक्ती आयोगाचा वाद चालू होता त्या काळात नेमणुका रखडल्या होत्या. १८६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसला जागा गोठवण्यासाठी निदान कायदा तरी करावा लागला. आपल्याकडे फाइल हलली नाही तरी तेच होतं, आणि कुणाला मतदान करावं लागत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

म्हणून माझं मत असं आहे की आपल्या देशात कोर्ट भरून टाकण्यापेक्षा ते रिकामं ठेवण्याचा धोका मोठा आहे. नुसता आकडा घटनेत बांधला तर पहिल्या धोक्याला थोडं कुलूप लागेल, दुसरा धोका तसाच राहील आणि खटले घेऊन येणाऱ्या माणसाची रांग आणखी लांबेल.

घटनेत काही लिहायचंच असेल, तर तीन गोष्टींचा विचार व्हावा.

एक, कमीत कमी संख्या लिहा आणि जागा रिकामी झाल्यापासून ती भरण्याची मुदत लिहा. न्यायमूर्ती कोणत्या दिवशी निवृत्त होणार हे आधीच माहीत असतं. त्यामुळे 'वेळ मिळाला नाही' ही सबब चालण्यासारखी नाही.

दोन, वरची मर्यादा कायद्यानेच वाढू द्या, पण मोठी वाढ पुढच्या लोकसभेच्या काळापासून लागू होईल अशी अट घाला, किंवा ती टप्प्याटप्प्याने लागू करा. आज पदं वाढवणाऱ्याला ती आपणच भरू याची खात्री नसेल, तर मर्जीतली माणसं भरण्याचा मोहच उरत नाही. १९७७ मध्ये कायद्याने पदं वाढवल्यावर ती काही काळ पूर्ण भरायची नाहीत अशी मर्यादा मंत्रिमंडळाने घातली होती, म्हणजे ही कल्पना आपल्याला नवी नाही. यावर कुणी म्हणेल, तोपर्यंत कामाचं काय? त्यासाठी अनुच्छेद १२८ आहे. निवृत्त न्यायमूर्तींना त्यांच्या संमतीने काही काळ बोलावता येतं. ही तरतूद आपण फार क्वचित वापरतो.

तीन, पीठाची रचना आणि प्रकरणांचं वाटप यांचे नियम स्पष्ट करा. पन्नास न्यायमूर्ती असले तरी महत्त्वाचं प्रकरण कोणत्या तिघांपुढे जाणार, यावर बरंच अवलंबून असतं. १४४-अ च्या अनुभवाने आपल्याला हेच शिकवलं की कोर्टाला हात न लावताही पीठाच्या गणितातून त्याला अडकवता येतं.

यात एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. मुदतीचं बंधन घातलं आणि ते कुणी पाळलंच नाही, तर पुढे काय? सरकारने उत्तर दिलं नाही तर नाव मंजूर समजायचं का? तसं लिहिलं तर सरकारचा सल्ल्याचा अधिकार नाममात्र होतो. २४ मे १९४९ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी हाच तोल सांगितला होता: नेमणूक पूर्णपणे सरकारच्या हाती देणं धोक्याचं आहे, आणि सरन्यायाधीशांना नकाराचा शेवटचा अधिकार देणंही बरोबर नाही, कारण तेही माणूसच आहेत, त्यांनाही माणसाचे गुणदोष आहेत. त्यांना मधला मार्ग हवा होता. तो मधला मार्ग कुठे आहे यावर आपण अजूनही भांडतोय.

तेव्हा पुढच्या वेळी बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाची पदं वाढवणार, किंवा कुणी म्हणालं की आकडा घटनेत पक्का करा, तर तीन प्रश्न विचारा. या जागा कोण भरणार? किती दिवसांत भरणार? आणि भरल्या नाहीत तर कुणाला जाब विचारायचा? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर ३४ असोत की ४०, फारसं बिघडत नाही. ती मिळाली नाहीत, तर घटनेत सोन्याच्या अक्षरांनी आकडा लिहिला तरी रिकाम्या खुर्चीवर निकाल देणारं कुणी नसेल.

पुढच्या भागात आपण उच्च न्यायालयांकडे वळू. तिथली न्यायाधीशसंख्या कायद्यातसुद्धा नसते, अनुच्छेद २१६ नुसार ती वेळोवेळी राष्ट्रपती ठरवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या ९४ मंजूर पदांचं गणित आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच, यावर सविस्तर बोलू.

भेटू या. नमस्कार.